वेदान्ताच्या बायका

सासूबाई गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही, झोप आली. तेरावं झालं, रत्नागिरीहून आलेली माणसं परत गेली, आणि त्या दुपारी जेवून मी जी आडवी झाले ती मुलगा कॉलेजातून येऊन दार बडवेपर्यंत उठलेच नाही. चार वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्या चार वर्षांत मी सलग झोपले असेन असं मला आठवत नाही. आता घरात कुणी हाक मारणारं नव्हतं, तरी मी मधेच दचकून उठायची आणि रिकाम्या कॉटकडे बघत बसायची.

आम्ही भाईंदर पश्चिमेला राहत होतो. नवरा छापखान्यात, मुलगा अकरावीला. घराला हातभार म्हणून मी संध्याकाळी जवळच्याच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढायला बसायची. सकाळ मोकळी होती. ती मोकळी सकाळ मला इतकी प्यारी झाली होती की कुणी सकाळी भेटायला येतो म्हटलं तरी कपाळाला आठी पडायची.

समोरच्या ब्लॉकमध्ये एक गुजराती बेन होत्या. वयानं माझ्याहून मोठ्या, अंगानं जाड, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबणाऱ्या. त्यांनी एक दिवस मला पकडलं. "चलो मेरे साथ, बुधवारको. बेव्हर्ली पार्कमें एक ताईके घर वेदान्तका क्लास होता है."

मी म्हटलं, "बेन, मला त्यातलं काही कळत नाही."

"मेरेकू भी किधर समझता है? दो घंटा बैठनेका. कोई कुछ मांगेगा नहीं."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी गेले.

ताई म्हणजे संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. मुलानं मीरा रोडला फ्लॅट घेतला म्हणून दादरची दोन खोल्यांची जागा सोडून इथे आल्या होत्या. बारीक अंगकाठी, दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसता येत नसे, म्हणून त्या एकट्या खुर्चीवर आणि आम्ही दहा-बारा बायका खाली सतरंजीवर. कुणी उत्तर प्रदेशातली, कुणी महाडची, एक तमिळ, बाकी गुजराती. श्लोक संस्कृतात, अर्थ हिंदीत, आणि फार अडलं की ताई मराठीत घसरायच्या. मी भिंतीला टेकून बसायची. पहिले दोन महिने मी तिथे काय ऐकलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. पंख्याचा आवाज आणि ताईंचा आवाज एकमेकांत मिसळून जायचे आणि मला बरं वाटायचं.

वर्ग संपला की अर्धा तास दुसरं काम चाले. ताईंचं म्हणणं होतं की नुसतं ऐकून उठून जाणं म्हणजे फुकटचं जेवण. म्हणून त्यांनी आसपासच्या शाळांमधून शिक्षकांना विचारून काही मुली निवडल्या होत्या, ज्यांचं शिक्षण कुठल्याही दिवशी बंद पडू शकेल अशा. त्यांची फी, पुस्तकं, गणवेश आम्ही सगळ्या मिळून बघायचो आणि रविवारी दोघी-तिघी त्यांना शिकवायच्या. मी त्यातही मागच्या बाजूला. पुस्तकांना कव्हरं घालायची, एवढंच.

त्या मुलींपैकी एक मोरव्याची होती. मोरवा म्हणजे उत्तनच्या रस्त्यावरचं जुनं गाव. पूर्वी तिच्या घरची भातशेती होती, आजोबा मिठागरावर होते. शेती भावाभावांच्या वाटण्यांत गेली, मिठागर बंद झालं, राहिलं ते कौलारू घर आणि पुढची ओटी. बाप टेम्पो चालवायचा, आई भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होती. मुलगी दहावीत गेली होती. फार हुशार होती असं नाही, पण शाळेत जायला तिला आवडायचं. ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती रविवारी यायची बंद झाली. ताईंनी चौकशी केली तेव्हा कळलं की शाळेतही येत नाही. आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली. आई कामाला गेली नाही तर काम जातं, बाप पहाटेच टेम्पो काढतो, तेव्हा घरी थांबायला उरली ती हीच.

बुधवारी हा विषय निघाला. कुणी म्हणालं, एखादी बाई ठेवूया. मोरव्यात सकाळभर थांबायला बाई मिळेना. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला. ताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ती कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असेल." आणि मग त्या म्हणाल्या, "तिची शाळा सकाळची आहे. सकाळी आपल्यातल्या एकीनं तिथे जाऊन बसायचं. पाळीपाळीनं. परीक्षा होईपर्यंत."

माझ्या बाजूला बसलेल्या बेन माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं, ह्या सगळ्यांत आजारी माणसाची कूस कशी बदलायची ते मला एकटीला येतं.

मी सरळ सांगितलं, "ताई, मी नाही करणार. मी आत्ताच सुटलेय त्यातून."

मला वाटलं, आता काहीतरी उपदेश येईल. ताई म्हणाल्या, "नको करूस. फक्त ह्यांना शिकव."

म्हणून मी शिकवायला गेले. पहिल्या सकाळी आम्ही तिघी-चौघी शेअर रिक्षातून उतरून मोरव्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा ओट्यावर बसलेल्या बायका आमच्याकडे बघत राहिल्या. पुढे काही दिवसांनी गल्लीतली पोरं आम्ही दिसलो की आत जाऊन सांगायची, "वेदान्ताच्या बायका आल्या." नाव पडलं ते पडलंच.

म्हातारा आतल्या खोलीत खाटेवर होता. उन्हानं रापलेला उंच माणूस, पायांच्या तळव्यांना मिठाच्या पाण्यानं पडलेल्या जुन्या भेगा. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. आम्हाला बघून त्यानं कामाला निघालेल्या सुनेला विचारलं, "ह्या कोन हायत?"

"नातीच्या शाळंच्या बाया हायत, आबा."

"मंग शालत जाव. इथं काय हाय?"

मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि बायकांना दाखवलं. गुडघा आधी दुमडायचा. खांदा आणि कंबर एकदम धरायची, ओढायचं नाही, लोटायचं. पाठीमागे उशी. घास नेहमी चांगल्या बाजूच्या गालात. पाणी चमच्यानं, आणि गिळल्याशिवाय दुसरा चमचा नाही. हात आपोआप चालत होते. घरी येऊन मी अंघोळ केली आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिले. नवरा त्या दिवशी घरी होता. म्हणाला, "परत तेच?"

"नुसतं शिकवायला गेले होते."

तो पेपर उघडून बसला.

पाळ्या ठरल्या. पहिला महिना उत्साहाचा होता. तमिळ बाई डब्यात मऊ भात घेऊन जायची. महाडची बाई आरोग्यावरची पुस्तकं वाचून आली होती. मग हळूहळू एकेकीची कारणं सुरू झाली. कुणाची मुलाची परीक्षा, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाला त्या घरातल्या सुक्या बोंबलांच्या वासानं डोकं दुखायचं. खोटी कारणं नव्हती ती. सगळ्यांना संसार होते. पण रिकामी राहिलेली पाळी कुणीतरी भरायची असते, आणि आदल्या संध्याकाळी फोन माझ्याकडे यायचा. "फक्त उद्याचा दिवस," असं म्हणत म्हणत मी आठवड्यातून तीन दिवस मोरव्याला जायला लागले.

सगळ्यांत आधी बेन सोडतील अशी माझी खात्री होती. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नसे. पहिल्या दिवशी त्या नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. घरी परतल्यावर सून त्यांना अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नसे. पण त्या गेल्या आणि जातच राहिल्या. म्हाताऱ्याचं आणि त्यांचं जमलं होतं. बेनचे वडील मिठाचे व्यापारी होते, इथूनच माल उचलायचे. मीठ कधी पांढरं पडतं, कधी लालसर राहतं, कुठल्या वाऱ्यात चांगलं पिकतं, ह्यावर तो अडखळत बोलायचा आणि ह्या अर्धं समजून मान हलवायच्या. मला तो फार बोलत नसे. मी कूस बदलणारी. मला बघितलं की तो मुकाट डावा हात खाटेच्या कडेला धरून तयार व्हायचा.

मुलगी शाळेत जायला लागली होती, पण आमच्याशी नीट बोलायची नाही. सकाळी मी आत येत असताना ती दप्तर घेऊन बाहेर पडायची. "डबा घेतलास का?" विचारलं तर "हो." परत आल्यावर "आले," एवढंच. चपला काढून सरळ आत. रविवारी शिकवणाऱ्या म्हणायच्या, काय हा माजुरडेपणा, आपण हिच्यासाठी एवढं करतोय. मला तिचा तसा राग नव्हता आला. मी इतकी दमलेली असायची की रागवायलाही अंगात जोर लागतो हे मला तेव्हा कळलं.

त्या सुमारास बुधवारच्या वर्गात देहाचा विषय चालला होता. मी देह नाही, देह माझा आहे, तोही काही दिवसांपुरता, असं ताई समजावून सांगत होत्या. मी कधी प्रश्न विचारत नसे. त्या दिवशी तोंडून निघून गेलं.

"ताई, कूस बदलायला गेलं की देह फार जड लागतो हो."

दोघी-तिघी हसल्या. ताई हसल्या नाहीत. चष्मा काढून हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "लागणारच." आणि पुढच्या ओळीवर गेल्या. का कोण जाणे, त्या उत्तरानं मला बरं वाटलं. त्यांनी काहीतरी मोठं सांगितलं असतं तर मी बहुधा वर्ग सोडला असता.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली असताना तो प्रकार झाला. म्हाताऱ्याचं धुण्या-पुसण्याचं सगळं त्याचा मुलगा पहाटे निघण्याआधी करून जायचा, आणि नंतरचं संध्याकाळी. आमच्याकडे ते काम नव्हतं, तसं ठरलेलंच होतं. पण त्या दिवशी म्हाताऱ्याचं पोट बिघडलं. खोलीत वास पसरला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी विचारलं, "आबा, शेजारी कुणाला बोलवू?" मग मीच बाहेर जाऊन बघून आले. शेजारच्या घराला कुलूप होतं. पलीकडच्या घरात एक बाळंतीण. असंच ठेवून त्याचा मुलगा येईपर्यंत थांबायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी पदर खोचला, चुलीवर पाणी तापवलं आणि त्याला स्वच्छ केलं. सासूबाईंचं चार वर्षं केलं होतं, मला त्याचं काही वाटलं नाही. त्याला वाटत होतं. डोळे घट्ट मिटून त्यानं डाव्या हातानं खाटेची कड धरून ठेवली होती.

नेमकी तेव्हाच मुलगी शाळेतून आली. त्या दिवशी लवकर सोडलं होतं. दारात उभी राहून तिनं बघितलं. आजोबा उघडे, मी ओल्या फडक्यानं पुसतेय. ती पुढे आली, खाटेवरची चादर उचलून तिनं त्यांच्या अंगावर टाकली आणि माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"अगं, पाठ राहिलीय पुसायची..."

"मी करते. तुम्ही जा काकी. आणि उद्यापासून येऊ नका. कुणीच येऊ नका. माझ्या शाळेसाठी आमच्या आबांना असं बघायला लागतंय तुम्हाला, तर मला नको ती शाळा."

मी हात धुतले आणि निघाले. रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभी असताना मला खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी म्हणू शकणार नव्हतं की मी सोडलं. तिनंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेनची पाळी होती. मी फोन करून सगळं सांगितलं तरी त्या गेल्या. मुलगी घरीच होती. तिनं ह्यांना आत घेतलं नाही. ह्या ओट्यावर बसल्या. दुपारपर्यंत बसून घरी आल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी म्हटलं, "बेन, कशाला? ती ऐकणार नाही." बेन म्हणाल्या, "घरपे बैठके भी क्या करती मैं?"

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी दवाखान्यात बसले होते. गर्दी होती, तापाचे दिवस. रांगेत मुलीची आई उभी दिसली. कारखान्यातून परस्पर आली होती, हाताच्या रेषांत पॉलिशचा काळेपणा तसाच. मी तिला पुढे बोलावलं तर नको म्हणाली. तिचा नंबर आल्यावर मी केसपेपर पुढे ओढला.

"काय होतंय?"

"मना कायबी न्हाय. सासऱ्यानं पाठवलंय म्याडम."

"काय म्हणतात?"

"म्हनतात, त्या कूस बदलनाऱ्या बायला बोलाव. पोरगीला न्हाय जमत, ती वडते. पाठीला लाल झालंय." मग तिनं आवाज खाली आणला. "आनि पोरगीशी बोलले ते. म्हनाले, मना लाज वाटली ती माजी, ती तुझी शाला कशाला खाते? ती रडली. पन तिचं एक म्हननं हाय. धुवायचं तुमी कराचं न्हाय. ती आल्यावर करंल, न्हायतं शेजारचा काका करंल, त्याला सांगून ठेवलंय."

मागच्या माणसानं खाकरून घाई दाखवली. मी म्हटलं, "बरं. उद्या येते."

घरी जाताना स्वतःवरच चिडले होते. नको म्हणायची संधी समोरून आली होती आणि मी कागदपेन हातात धरून "येते" म्हणाले होते. पण पाठीला लाल झालं म्हटल्यावर पुढे काय होतं ते मला माहीत होतं. ती जखम मी सासूबाईंच्या पाठीवर बघितली होती.

मुलगी परत शाळेत जायला लागली. आमच्याशी तेवढंच बोलणं. फक्त एक झालं, मी आले की ती दप्तर खाली ठेवायची आणि आम्ही दोघी मिळून आबांची पहिली कूस बदलायचो. मी खांदा, ती कंबर. "एक, दोन," मी म्हणायची. मग ती जायची. शिकली ती लवकर.

ती दहावी पास झाली. गणितात जेमतेम. ताईंच्या घरी पेढे झाले, सगळ्या बायका आल्या, महिनोन्महिने मोरव्याकडे न फिरकलेल्यासुद्धा. सगळ्यांना वाटलं काम झालं. मलाही वाटलं. परीक्षा संपली होती, पण म्हातारा तसाच खाटेवर होता, आणि अकरावीचं कॉलेजही सकाळचंच निघालं.

जूनमध्ये, पुढे मोरव्याला कोण जाणार असं वर्गात विचारलं गेलं तेव्हा हात वर केला तो बेननी. एकट्यांनी. मी सतरंजीची दशी ओढत बसले होते. ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, ह्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. घरी येताना रिक्षात मी बेनला म्हटलं, "मंगळवार, गुरुवार, शनिवार मी." त्या म्हणाल्या, "मेरेकू मालूम था." मला त्यांचा राग आला.

पुढची दीड-दोन वर्षं अशी गेली. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. सकाळी मोरवा, दुपारी स्वयंपाकपाणी, संध्याकाळी दवाखाना. माझी कंबर धरायला लागली. बेनच्या घरात त्यावरून भांडणं झाली, आठवडाभर त्यांची सून बोलत नव्हती. ताईंचे गुडघे पार गेले. त्यांच्या मुलाची बदली बंगळूरला झाली, तो त्यांना घेऊन गेला. शेवटच्या बुधवारी आम्ही पाचजणीच होतो. ताईंनी नेहमीसारखा वर्ग घेतला, निरोपाचं काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी सतरंजी मला दिली. त्यानंतर कुणाच्या घरी वर्ग भरवायचा ह्यावर दोन-तीनदा बोलणं झालं, आणि मग तेही थांबलं. बाकीच्या मुलींची जबाबदारी महाडच्या बाईनं तिच्या परीनं सांभाळली. मोरव्याचं आम्ही दोघींनी.

आबा गेले ते बेनच्या पाळीला, मुलगी बारावीत असताना. बेन त्यांना चमच्यानं चहा पाजत होत्या. दोन चमचे गिळले, तिसरा ओठांतून बाहेर आला. मला मोबाईलवर फोन आला तो नुसता श्वासाचा. मग त्या म्हणाल्या, "गये. तुम आओ." मी पोचले तेव्हा बेन त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. मासळीचं भांडं जिथे असेल त्या खोलीत पाणीसुद्धा न पिणाऱ्या बेन. कॉलेजातून मुलीला आणायला माणूस गेला होता. ती आली, आबांच्या पायाशी बसली, आणि घरात बायका जमेपर्यंत तशीच बसून राहिली. मग उठून तिनं मला आणि बेनला बाहेरच्या खोलीत दोन पाट दिले. "बसा काकी," म्हणाली. "कधीपासून उभ्या आहात."

दिवसकार्यानंतर मोरव्याला जायचं कारण उरलं नाही. मला परत माझ्या सकाळी मिळाल्या. ह्या खेपेला झोपही आली नाही.

काही वर्षांनी, भाईंदरच्या मार्केटात, भाजी घेताना कुणीतरी मागून हाक मारली. पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मला ओळखायला एक क्षण लागला. बी.कॉम. झाली होती, मीरा रोडच्या एका विम्याच्या ऑफिसात लागली होती. लग्नाचं बघतायत, म्हणाली, पण तिनं अजून हो म्हटलेलं नाही. आईनं कारखाना सोडला, डोळ्यांचा त्रास होतो.

मी म्हटलं, "बरं वाटलं गं तुला बघून."

तिनं भाजीवाल्याच्या टोपलीतला एक टोमॅटो उचलून परत ठेवला. मग म्हणाली, "काकी, एक सांगू? तेव्हा मला तुमचा फार राग यायचा. रोज सकाळी तुम्ही दारात दिसलात की यायचा. आता कळतं सगळं. पण राग अजून थोडा येतो."

"मलापण यायचा," मी म्हटलं. "तुझा नाही. असाच."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होते बहुतेक. बेन कशा आहेत विचारलं तिनं. मी म्हटलं, आता जिना उतरत नाहीत, घरीच असतात. "मी येते त्यांना भेटायला," ती म्हणाली. "आजच येऊ? हाफ डे आहे माझा."

मी घड्याळ बघितलं. दवाखान्याला वेळ होता. आम्ही दोघी गल्लीतून निघालो तेव्हा तिनं माझ्या हातातली जड पिशवी घ्यायला हात पुढे केला. कंबर दुखत होतीच. मी देऊन टाकली.